बाणाचे टोक खाली का वळते?

गुरुत्वाकर्षणाचा धडा शिकवून झाला की मुलांना एखादे ओळखीचे उदाहरण द्यावे, म्हणून आम्ही बरीच वर्षे बाणाचे उदाहरण देत होतो. बाण थोडा वर रोखून सोडला तर आधी वर चढतो आणि मग खाली येतो. चढताना त्याचे टोक वर असते आणि उतरताना खाली असते. असे का होते? 'टोक जड असते, म्हणून पृथ्वी ते आधी खाली ओढते,' असे आम्ही सांगत असू. मुलांना हे पटत असे आणि आम्हालाही पटत असे.

एका वर्षी नववीतल्या एका मुलीने हात वर केला आणि विचारले, "सर, मागच्याच तासाला तुम्ही सांगितलं, जड आणि हलकी वस्तू एकाच वेगाने खाली येते. मग बाणाचं जड टोक आधी कसं येईल?"

या प्रश्नाला त्या दिवशी आमच्याकडे उत्तर नव्हते. उत्तर शोधताना बाणाच्या तोलाविषयी जे समजले ते येथे मांडत आहोत. धनुष्य न घेता, खराट्याच्या काड्या, कागद आणि कणीक एवढ्याच सामग्रीवर हा विषय वर्गात नीट शिकवता येतो.

तोलाचा बिंदू

बाणाचे चार भाग असतात: पुढचे टोक, लांब दांडा, मागचा पिसारा आणि प्रत्यंचेत अडकणारी खाच. आजचे स्पर्धेतले बाण बहुधा कार्बनच्या पोकळ नळीचे असतात. अशा बाणाचे सारे वजन 20 ग्रॅमच्या आसपास भरते आणि त्यातले 7-8 ग्रॅम एकट्या टोकाचे असतात. पिसारा आणि खाच यांचे वजन त्या मानाने किरकोळ असते.

असा बाण आडव्या बोटावर ठेवून तोलून पाहिला, तर तो मध्यावर तोलला जात नाही. बोट टोकाकडे सरकवावे लागते. जेथे तो स्थिर राहतो तेथे त्याचा गुरुत्वमध्य असतो. पृथ्वीचे सगळे ओढणे या एका बिंदूत एकवटले आहे असे मानता येते.

हवेत मोकळी सुटलेली वस्तू फिरते ती आपल्या गुरुत्वमध्याभोवती. दाराच्या बिजागरीवरच जोर लावला तर दार फिरत नाही, हा अनुभव सर्वांना आहे. गुरुत्वाकर्षणाचे बल तर बरोबर त्या 'बिजागरी'वरच लागते. म्हणजे ते बाणाला खाली आणील, पण वळवू शकणार नाही. टोक कितीही जड केले तरी गुरुत्वमध्य तेवढा पुढे सरकेल आणि बल पुन्हा तेथेच लागेल.

हातोडी आणि पीस

हे मुलांना सांगण्यापेक्षा दाखवणे बरे. एक हातोडी घ्या. तिच्या दांड्याला लोखंडी डोक्याजवळ असा दोरा बांधा की हातोडी आडवी, तोलून राहील. जमिनीवर गोणपाटाची जाड घडी टाका. हातोडी साधारण मीटरभर उंचीवर टांगा, हलू देऊ नका आणि दोरा कात्रीने कापा. मुलांना बाजूने आणि थोडे दूर उभे करा. लोखंडाचे डोके आधी टेकते की लाकडी दांडा?

हातोडी आडवी सुटते आणि आडवीच खाली येते. एका टोकाला लोखंड आणि दुसऱ्या टोकाला लाकूड असूनही ती तिरपी होत नाही.

अपोलो 15 मोहिमेतील अंतराळवीर डेव्हिड स्कॉट यांनी 1971 साली चंद्रावर उभे राहून एका हातातून हातोडा आणि दुसऱ्या हातातून ससाण्याचे पीस एकाच वेळी सोडले. दोन्ही एकाच क्षणी जमिनीला टेकले. बाण म्हणजे तरी काय? एका काठीच्या पुढे लोखंड आणि मागे पीस. चंद्रावर बाण मारला, तर तो सुटताना जितका वर रोखला असेल तितकाच रोखलेला राहून खाली उतरेल. तेथे बाणाचे टोक जड असले काय अन् नसले काय, सारखेच.

पृथ्वीवर मात्र टोक वळते. म्हणजे चंद्रावर नसलेली आणि येथे असलेली कोणती तरी गोष्ट ते वळवत असली पाहिजे. ती गोष्ट हवा आहे.

वातकुक्कुटाचे उत्तर

भूगोलाच्या पुस्तकात वातकुक्कुट असतो. वारा ज्या दिशेने येतो त्या दिशेला त्याचा बाण टोक करतो. मुले हे पाठ करतात, पण का, हे फारसे कोणी विचारत नाही. त्याच्या आसाच्या पुढे छोटे टोक असते आणि मागे रुंद शेपटी असते. वारा बाजूने आला की शेपटीवर जास्त जोर पडतो, शेपटी मागे ढकलली जाते आणि टोक वाऱ्याकडे वळते. टोक नेमके वाऱ्यात आले की दोन्ही बाजूंचा जोर सारखा होतो आणि फिरणे थांबते.

उडणारा बाण हा आस नसलेला वातकुक्कुट आहे. त्याचा गुरुत्वमध्य हाच त्याचा आस. वारा वाहत नसला तरी बाण हवेतून धावतो, म्हणून त्याला समोरून वारा लागतोच. बाणाची दिशा आणि त्याच्या धावण्याची दिशा एकच असेल, तर हवा दोन्ही अंगांनी सारखी निघून जाते. बाण जरा तिरपा झाला की हवा एका अंगावर आपटते. हा सगळा तिरपा रेटा जणू एका बिंदूत लागतो असे मानले, तर त्या बिंदूला दाबमध्य म्हणतात. पिसाऱ्याचा पृष्ठभाग मोठा, म्हणून दाबमध्य मागे जातो. टोक जड, म्हणून गुरुत्वमध्य पुढे येतो. हवेचा रेटा आसाच्या मागे लागतो, शेपटीला सरळ करतो आणि टोक पुन्हा धावण्याच्या दिशेला येते.

बाणाच्या तोलाचे सारे मर्म येथे आहे. गुरुत्वमध्य पुढे आणि दाबमध्य मागे असेल तर बाण आपली चूक आपणच सुधारतो. दोन्ही एकाच जागी असतील तर त्याला कोणतीच दिशा आवडती नसते. उलट झाले, तर लहानशी चूक वाढत जाऊन बाण फिरून उलटा होतो.

आता मुळच्या प्रश्नाकडे वळू. गुरुत्वाकर्षण बाणाचा मार्ग वाकवते. मार्ग खाली वळला की समोरून येणारी हवा बाणाच्या खालच्या अंगाला लागू लागते, ती शेपटीला वर रेटते आणि म्हणून टोक खाली वळते. मार्ग वाकवते पृथ्वी, आणि त्या मार्गावर बाणाला वळवून ठेवते हवा. जड टोकाचे काम फक्त आस पुढे नेण्याचे.

हे वळणे किती असते, याचा हिशोब अकरावीच्या मुलांना देता येईल. ऑलिंपिकमध्ये लक्ष्य 70 मीटरवर असते. बाणाचा वेग सेकंदाला 60 मीटर धरू आणि हवेचा विरोध सोडून देऊ. बाणाला सुमारे 1.17 सेकंद लागतात. तेवढ्या वेळात तो सरळ रेषेपासून सुमारे 6.7 मीटर, म्हणजे दोन मजल्यांइतका, खाली येतो. म्हणून तो सुमारे 5.5 अंश वर रोखून सोडावा लागतो आणि लक्ष्याशी पोहोचताना त्याचा मार्ग तितकाच खाली झुकलेला असतो. म्हणजे सव्वा सेकंदही पुरा होत नाही तोवर बाणाला 11 अंशांनी वळावे लागते. 70 मीटरवरच्या लक्ष्याचे दहा गुणांचे वर्तुळ 12.2 सेंटिमीटर व्यासाचे, चहाच्या बशीएवढे असते. वाटेत तिरपा राहिलेला बाण तेथे पोहोचण्याची आशा कमीच.

खराट्याच्या काड्यांचे बाण

नारळाच्या खराट्याचे सरळ हीर निवडा आणि त्यांचे जाड भागातले 30 सेंटिमीटरचे चार तुकडे करा. कागदाचे लहान त्रिकोण कापून, काडीच्या मागच्या टोकाला फट पाडून किंवा डिंकाने चिकटवून पिसारा करा. पुढच्या टोकाला वाटाण्याएवढा ओल्या कणकेचा गोळा लावा. गोळा लावल्याने टोक बोथटही होते. तरीही कोणी समोर उभे राहू नये आणि सर्वांनी एकाच दिशेने फेकावे, हा नियम आधीच घालून द्या.

पहिली काडी नुसती ठेवा. दुसरीला फक्त कणीक लावा, तिसरीला फक्त पिसारा आणि चौथीला दोन्ही. प्रत्येक काडी दहा वेळा फेकून पाहा. नुसती काडी कशीही पडते, कधी आडवी तर कधी कोलांटी खाऊन. फक्त कणकेची काडी बरीच सुधारते, पण तिरपी सुटली तर लवकर सावरत नाही. फक्त पिसाऱ्याची काडी दिशा धरते, पण हलकी असल्याने लवकर थांबते. चौथी काडी सरळ जाते.

आता खरी गंमत करा. चौथी काडी उलटी धरा, पिसारा पुढे आणि कणीक मागे, आणि फेका. ती हवेतच गिरकी घेऊन कणीक पुढे करते. बॅडमिंटनचे फूल नेमके हेच करते. या खेळाचे नियम एकोणिसाव्या शतकात पुण्यात बांधले गेले, त्यामुळे उदाहरण घरचेच म्हणायला हवे. फुलाला कसेही मारा, बूच पुढे आणि पिसे मागे होतातच. नाही तर प्रत्येक फटका बुचावर बसला नसता.

दाबमध्याची जागा ढोबळमानाने काढण्याची एक सोपी युक्ती आहे. बाणाच्या बाजूच्या आकाराची हुबेहूब आकृती जाड पुठ्ठ्यातून कापा आणि ती बोटावर तोला. पुठ्ठा सगळीकडे सारखा असल्याने हा तोलबिंदू म्हणजे आकृतीच्या क्षेत्रफळाचा मध्य. बाण पूर्ण आडवा झाला तर दाबमध्य याच्या आसपास असेल. बाण थोडाच तिरपा असताना तो आणखी मागे असतो. म्हणून खऱ्या काडीचा तोलबिंदू पुठ्ठ्याच्या तोलबिंदूच्या पुढे आला, तर बाण सरळ जाईल असे खुशाल समजावे.

तोल मोजायचा कसा?

गुरुत्वमध्य मध्यापासून किती पुढे आहे हे तिरंदाज टक्क्यांत सांगतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून ते याला एफ. ओ. सी. म्हणतात, आपण अग्रतोल म्हणू. खाचेच्या तळापासून दांड्याच्या शेवटापर्यंतची लांबी मोजायची. टोकाचा बाहेर आलेला भाग धरायचा नाही. मग खाचेच्या तळापासून तोलबिंदूपर्यंतचे अंतर मोजायचे, त्यातून निम्मी लांबी वजा करायची आणि उरलेल्याला पूर्ण लांबीने भागून शंभराने गुणायचे.

समजा, लांबी 72 सेंटिमीटर आहे आणि तोलबिंदू खाचेपासून 45 सेंटिमीटरवर आहे. निम्मी लांबी 36. फरक 9. म्हणून अग्रतोल 12.5 टक्के. ऑलिंपिक पद्धतीच्या तिरंदाजीत सामान्यतः 11 ते 16 टक्के अग्रतोल सोयीचा मानला जातो.

पुढे जितके जास्त तितके चांगले?

येथे मुले लगेच म्हणतात, मग टोक आणखी जड करू, पिसारा आणखी मोठा करू. पण दोन्हींची किंमत मोजावी लागते.

टोक जड केले की सगळा बाण जड होतो. धनुष्य तेच असेल तर जड बाण कमी वेगाने सुटतो, त्याला पोहोचायला जास्त वेळ लागतो आणि तो जास्त खाली येतो. जड टोकाचा बाण 'नाक खाली घालतो' असे म्हणतात ते याच अर्थाने खरे आहे. टोक हलके केले तर वेग वाढतो, पण आस आणि दाबमध्य जवळ येतात. मग सोडताना झालेली लहान चूक सुधारायला बाणाला वेळ लागतो आणि बाजूचा वारा असला तर फटके विखुरतात.

पिसाऱ्याचेही तसेच आहे. मोठा पिसारा बाणाला लवकर सावरतो, पण हवेचा विरोधही वाढवतो. म्हणून बंद सभागृहात 18 मीटरवर नेम धरणारे बरेच तिरंदाज मोठ्या पिसांचे बाण वापरतात. अंतर थोडे, वारा नाही, बाण लवकर सरळ झाला की काम झाले. मैदानावर 70 मीटरसाठी मात्र प्लॅस्टिकची लहान पाती पसंत केली जातात. पिसे थोडी तिरपी बसवली तर बाण स्वतःभोवती फिरतो आणि दांड्यात किंवा पिसाऱ्यात राहिलेला बारीक दोष एकाच बाजूला साठत नाही.

ही तडजोड जुनी आहे. धनुर्वेदावरील संस्कृत ग्रंथांत बाणांचे तीन प्रकार दिले आहेत: पुढे जाड, मागे जाड आणि सर्वत्र सारखा. पुढे जाड असलेला दूर जातो, मागे जाड असलेला भेद करतो आणि सारखा असलेला लक्ष्याच्या सरावाला योग्य, असे तेथे म्हटले आहे. आजचे हिशोब या विधानांशी तंतोतंत जुळतीलच असे नाही. पण तोल बदलला की उड्डाण बदलते, हे त्या बाण करणाऱ्यांनी हाताने ओळखले होते, आणि कोणत्या पक्ष्याची पिसे लावावीत याचाही विचार केला होता.

दांडाही वाकतो

आतापर्यंत आपण बाण ताठ आहे असे मानले. प्रत्यक्षात तसे नाही. प्रत्यंचा मागून जोराने ढकलते आणि जड टोक जडत्वामुळे जागचे हलायला नाखूष असते. मध्ये सापडलेला दांडा वाकतो. अमेरिकन शास्त्रज्ञ क्लॅरेन्स हिकमन यांनी 1930 च्या दशकात अतिवेगवान कॅमेऱ्याने टिपलेल्या चित्रांत हे स्पष्ट दिसले. बाण धनुष्याच्या दांड्याला वळसा घालत, मासोळीसारखा लवत निघतो आणि सुटल्यावरही काही काळ लवत राहतो.

म्हणून दांड्याचा ताठपणा मोजतात. 28 इंच अंतरावरच्या दोन आधारांवर दांडा ठेवून मध्ये सुमारे 880 ग्रॅम वजन टांगतात आणि तो किती झुकला ते पाहतात. टोक जड केले की तोच दांडा जास्त वाकतो, जणू मऊ झाला. दांडा आखूड केला की ताठ होतो. अग्रतोल सुधारायला म्हणून टोक बदलले आणि बाण एका बाजूला जाऊ लागला, असे घडते ते यामुळे. 2023 साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे कंपाउंड धनुष्याच्या वैयक्तिक गटांत विजेते ठरले. अशा खेळाडूंच्या भात्यातले सगळे बाण वजन, तोल आणि ताठपणा यांत एकमेकांशी जुळवून घेतलेले असतात. बाणच निरनिराळे असतील तर नेम चुकला की बाण चुकला, हे कळणार कसे?

दिवाळीतला बाण

आपल्याकडे दुसऱ्याही एका वस्तूला बाण म्हणतात, आणि ती जवळजवळ प्रत्येक मुलाने पाहिलेली असते. दिवाळीतल्या बाणाला लांब काडी का असते? मुलांचे उत्तर ठरलेले असते: 'बाटलीत उभा करता यावा म्हणून.'

बाटली एक काम करतेच. सुरुवातीला वेग नसतो आणि वेग नसेल तर हवेचा रेटाही नसतो. तेवढा क्षणभर बाटली दिशा धरून ठेवते. पुढचे काम काडीचे. दारूची नळी जड आणि आखूड, काडी हलकी आणि लांब. काडीमुळे गुरुत्वमध्य थोडा मागे जातो, पण दाबमध्य त्याहून खूप मागे जातो. पिसारा जे करतो तेच काडी करते.

काडी मोडलेला किंवा अर्धी तोडलेला बाण कोठे जाईल याचा भरवसा नसतो. तो वळून माणसांकडेही येऊ शकतो. 'काडी मोडलेला बाण लावू नका,' ही सूचना मुले ऐकून सोडून देतात. पण कणकेची काडी ज्यांनी स्वतः फेकली आहे आणि नुसती काडी कोलांट्या खाताना पाहिली आहे, त्यांना तिचे कारण कळलेले असते. कारण कळलेली सूचना सहसा पाळली जाते.

वर्गासाठी काही प्रश्न

1. कणीक आणि पिसारा दोन्ही एकाच टोकाला लावले, तर काडी कशी जाईल? आधी अंदाज लिहा, मग फेकून पाहा.
2. चौथ्या काडीची कणीक अर्धी, मग दुप्पट करा. दर वेळी अग्रतोल काढा आणि दहा फेकींपैकी किती सरळ गेल्या ते मांडा.
3. पाण्यात सरळ बुडणारा बाण करायचा असेल तर पिसारा लहान हवा की मोठा?

त्या मुलीचा प्रश्न आम्ही आता दर वर्षी गुरुत्वाकर्षणाच्या धड्यानंतर स्वतःच वर्गाला विचारतो. बहुतेक मुले आमचेच जुने उत्तर देतात. मग आम्ही हातोडी काढतो.